भटारखान्याला कोणती जमीन घालावी? कोटा, लादी, इपॉक्सी आणि पीयू काँक्रीटची पारख

हॉटेल काढताना रेंज, चिमणी, फ्रीजर, डोशाचा तवा, सगळ्याची तीन-तीन कोटेशनं मागवली जातात. जमिनीचं मात्र "बाकीच्यांनी घातलंय तेच घाला" असं मिस्त्रीला सांगून काम उरकतं. वर्षभरात रेंजसमोरचे सांधे काळे पडतात, भांडी घासायच्या मोरीजवळची लादी पोकळ वाजायला लागते आणि दर महिन्याला पेस्ट कंट्रोल करूनही झुरळं येतातच. ती बहुतेक वेळा त्या सांध्यांतूनच येत असतात.

महाराष्ट्रात भटारखान्यात साधारण चार प्रकारच्या जमिनी दिसतात: कोटा किंवा त्याच्या जातीचे दगड, लादी, इपॉक्सी (दोन भाग कालवून पसरायची, घट्ट होणारी राळ) आणि अलीकडे पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, काँक्रीट. गिऱ्हाइकं बसतात ती जागा इथे धरलेली नाही. तिथे उकळतं पाणी सांडत नाही आणि तळणीचं तेल ओतलं जात नाही. पारख फक्त आतल्या जागेची: रेंजची रांग, कच्चा माल धुण्याची जागा, भांडी घासायची मोरी, कोठार.

कसोटी कायद्यातच दिलेली आहे. अन्नसुरक्षा परवाना व नोंदणीच्या २०११ च्या विनियमांतली अनुसूची ४ म्हणते की जमीन पाणी न शोषणारी, धुता येण्याजोगी आणि भेगा-पोपडे नसलेली असावी. तिला पाणी वाहून जाईल असा उतार असावा आणि पाण्याचा ओघ अन्न तयार होण्याच्या दिशेच्या उलट असावा. तपासनिसाच्या यादीत 'घसरडी नसावी' हेही असतं. जमीन खराब दिसली तर कलम ३२ खाली सुधारणा-नोटीस येऊ शकते आणि तिच्यात किमान १४ दिवसांची मुदत असते. कोट्याची जमीन उखडून नवी घालायची, खालचा माल (सिमेंट-वाळूचा थर) पुरता वाळू द्यायचा आणि सांधे भरायचे, हे सगळं १४ दिवसांत चालू हॉटेलात बसवणं अवघड आहे. अस्वच्छ जागी अन्न बनवल्याबद्दल कलम ५६ खाली एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे तो वेगळाच.

यात आम्ही आमची एक कसोटी जोडली आहे: सांधा. फरशी कितीही चांगली असली तरी पाणी मुरतं ते सांध्यात, भिंतीलगतच्या कोपऱ्यात आणि नहाणीच्या, म्हणजे जमिनीतल्या पाणी जाण्याच्या जाळीच्या, चौकटीभोवती. खाली मारलेले शेरे याच तीन जागा बघून दिले आहेत.

कोटा, शहाबाद, कडप्पा

राजस्थानातला कोटा, कर्नाटकातला शहाबाद आणि आंध्रातला कडप्पा, रंग तिघांचे निराळे पण जात एकच: चुनखडीचा दगड. लिंबू, चिंच, व्हिनेगर, टोमॅटो, ताक, सगळ्यात आम्ल असतं आणि आम्ल चुनखडीला खातं. सोलकढी किंवा पाणीपुरीचं पाणी बनवतात तिथला कोटा वर्षभरात खरखरीत आणि पांढुरका होतो. तो डाग नसतो, दगडच विरघळलेला असतो. पॉलिश गेलेल्या त्या जागी तेल-हळद मुरते आणि मग कितीही घासलं तरी निघत नाही.

गंमत म्हणजे पहिला घाव बहुतेक ठिकाणी जमीन घातल्याच्या दिवशीच बसतो. सिमेंटचे डाग काढायला मिस्त्री अ‍ॅसिड मारतो. जमीन चकचकीत दिसते, पैसे चुकते होतात, आणि सांध्यातलं सिमेंट तिथूनच भुसभुशीत व्हायला लागतं. कामाच्या बोलीतच लिहून घ्यावं: अ‍ॅसिड वापरायचं नाही, सिमेंट ओलं असतानाच पुसून घ्यायचं.

दगडाची जमेची बाजूही मोठी आहे. २५ मिलिमीटर जाडीच्या कोट्यावर पेजेचं उकळतं पाणी सांडलं, गरम टोप टेकवला, तरी त्याला काही होत नाही. एखादी फरशी फुटली तर तेवढीच बदलता येते, आणि ती बसवणारा गवंडी तालुक्याच्या गावीही मिळतो. शंभर माणसांच्या खानावळीला हे फायदे थोडे नाहीत.

अडचण आहे ती बसवण्याच्या रीतीची. आपल्याकडे कोटा फरशीला फरशी भिडवून घालतात आणि वरून सिमेंटची पातळ लापशी ओततात. अशा केसाएवढ्या सांध्यात इपॉक्सी ग्राउट (सांधा भरायचा माल) शिरतच नाही, आणि लापशी सहा महिन्यांत निघून जाते. कोटा घालायचाच असेल तर मशीनने कापलेल्या सरळ कडांचा घ्यावा, ३ ते ४ मिलिमीटरचा सांधा सोडावा आणि तो इपॉक्सीने भरावा. मिस्त्री म्हणेल, "सांधा दिसेल, वाईट दिसेल." दिसू द्यावा. आरशासारखं पॉलिशही करू नये, कारण तेलकट पाण्यात त्यावर पाय ठरत नाही. होन्ड (चकाकी न आणता घासलेला) किंवा नदीपॉलिशचा पृष्ठभाग पुरे. वरून लावायचं सीलर तेल मुरणं लांबवतं, आम्लापासून वाचवत नाही. ते विकणारा उलट सांगतो.

शेरा: रेंजखाली आणि कोठारात चांगला, ओल्या-आंबट जागी नापास. पोटमाळ्यावर किंवा वरच्या मजल्यावर घालण्याआधी वजन मोजा. २५ मिलिमीटर दगड आणि खालचा ४० मिलिमीटरचा माल मिळून चौरस मीटरला १४० किलोच्या पुढे जातो.

लादी

आधी जी घालू नये ती: हॉलमध्ये घालतात तसली चकचकीत, दोन बाय दोनची व्हिट्रिफाइड लादी. ती पाणी शोषत नाही हे खरं (चांगल्या व्हिट्रिफाइड लादीचं शोषण अर्ध्या टक्क्याच्या आत असतं), पण तेलाचा एक थेंब पडला की ती बर्फासारखी होते. शिवाय दोन फुटी लादीला नहाणीकडे चारही बाजूंनी उतार देता येत नाही. दिला तर कोपरे वर येतात आणि त्यांत वायपर अडकतो.

मागावी ती ग्लेझ नसलेली, पूर्ण जाडीत एकच रंग असलेली, ३०० × ३०० मिलिमीटर किंवा त्याहून लहान लादी. घसरडेपणासाठी जर्मन पद्धतीचे 'आर' आकडे गुजरातेतल्या मोरबीचे लादी-कारखानेही आता खोक्यावर छापतात. ही चाचणी तेल लावलेल्या उतरंडीवर माणूस चालवून घेतात: आर९ म्हणजे ६ ते १० अंशांपर्यंत पाय टिकतो, आर१० म्हणजे १९ पर्यंत, आर११ म्हणजे २७ पर्यंत, आर१२ म्हणजे ३५ पर्यंत. भटारखान्याला आर११ च्या खाली जाऊ नये. तळणीसमोर आणि मोरीत आर१२. 'अँटिस्किड' एवढाच शब्द छापलेला असेल तर आकडा विचारावा. बाथरूमसाठीची आर१० लादीही त्याच नावाने विकली जाते. आणि आर१३ कडे मोहाने धावू नये. इतक्या खडबडीत जमिनीत पीठ आणि तूप बसलं की रोज रात्री ब्रश मोडेस्तोवर घासावं लागतं.

लादी फसते ती खालून. गवंडी वेळ वाचवायला मागे मालाचे पाच गोळे ठेवून लादी दाबतो. गोळ्यांच्या मधली जागा पोकळ राहते. वरचा सांधा किंचित जरी उघडला तरी धुण्याचं पाणी त्या पोकळीत साठतं, त्यात अन्नाचे कण कुजतात, आणि लादीवर पाय दिला की सांध्यातून काळं पाणी वर येतं. भटारखान्यात 'कुठूनतरी वास येतो' अशी तक्रार असते तेव्हा आधी या लाद्या तपासाव्या. उपाय बसवतानाच करायचा: लादीच्या मागे आणि जमिनीवर दोन्हीकडे अ‍ॅडहेसिव्ह लावायचं, दातेरी थापीने एकाच दिशेने ओढायचं, आणि ओल्या जागेत लादीचा किमान ९५ टक्के मागचा भाग मालाला चिकटलेला हवा. काम चालू असताना दर वीस-पंचवीस लाद्यांमागे एक उचकटून मागे बघावं. मिस्त्रीला राग येतो, पण पाच मिनिटांचा प्रश्न आहे. माल वाळल्यावर मग नाण्याने ठोकून पोकळ आवाज शोधायचा.

सांधा ४ मिलिमीटरचा आणि इपॉक्सीचाच. सिमेंट ग्राउट भटारखान्यात टिकत नाही. चिंच-व्हिनेगर त्याला खातं, दुधाच्या लॅक्टिक आम्लाने तो भुसभुशीत होतो, आणि जुन्या तळणीच्या तेलातली मोकळी स्निग्धाम्लंही सिमेंटवर तेच करतात. इपॉक्सी किती लागेल याचा हिशेब सोपा आहे. ३०० × ३०० ची १० मिलिमीटर जाड लादी आणि ४ मिलिमीटर सांधा असेल तर चौरस मीटरला साधारण ४५० ग्रॅम, म्हणजे १०० चौरस फुटांना ४.२ किलो. वाया जाणारा धरून ५ किलो. ठेकेदार त्याच जागेला दोन किलो घेऊन आला तर तो सांधा वरवर भरणार आहे, खाली हवा राहणार आहे.

इपॉक्सी ग्राउटचे तीन भाग, राळ, हार्डनर (घट्ट करणारा भाग) आणि फिलर (पूड), पूर्ण डबाच एकत्र करायचा, अंदाजाने अर्धा-अर्धा नाही. प्रमाण चुकलं तर ग्राउट चिकटच राहतो आणि त्यावर घाण बसते. उन्हाळ्यात दुपारी मिसळलेला माल अर्ध्या-पाऊण तासात घट्ट होतो, म्हणून काम सकाळी किंवा रात्री धरावं. लादीवर उरलेला थर त्याच वेळी ओल्या स्पंजाने पुसून घ्यावा. दुसऱ्या दिवशी तो निघत नाही, आणि त्या पातळ थरामुळे आर१२ च्या लादीची पकडही जाते. चोवीस तासांनी चालता येतं, पण डिग्रीझर (तेल काढणारं रसायन) आणि गरम पाणी सात दिवसांनीच.

शेरा: नीट बसवली तर पैशाला सर्वांत मोल देणारी जमीन. 'नीट बसवली तर' यातच सगळं आलं.

इपॉक्सी

फोटोत सर्वांत देखणी. सांधा एकही नाही, रंग हवा तो, दोन दिवसांत काम. आणि रेंजसमोर सर्वांत लवकर उठणारीही हीच. साधी इपॉक्सी ६० अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडायला लागते. भाताची पेज ओतताना ९५ च्या जवळ असते, तळणीचं तेल १७० ते १८०. वर आणखी एक भानगड: गरम झाल्यावर इपॉक्सी खालच्या काँक्रीटच्या कितीतरी पट पसरते. गरम-थंड, गरम-थंड असं रोज झालं की चिकटलेला थर कडेने सुटतो, फुगा येतो, फुगा फुटतो आणि त्याखाली पाणी शिरतं. तळमजल्यावर जमिनीतून ओल येत असेल तर गरम पाणी न पडताही फुगे येतात.

म्हणून इपॉक्सी टाकाऊ, असं नाही. कोठार, पीठ-धान्याची खोली, थाळी लावण्याची कोरडी जागा, पॅकिंगचं टेबल, इथे २-३ मिलिमीटरची सेल्फ-लेव्हलिंग (ओतल्यावर आपोआप सपाट होणारी) इपॉक्सी उत्तम काम देते. अर्ध्या मिलिमीटरचा रंगासारखा कोट मात्र कुठेच नको. स्टीलच्या रॅकचा पाय सरकवला तरी तो खरवडतो.

पीयू काँक्रीट

पॉलियुरेथेन आणि सिमेंट यांचं हे मिश्रण दुधाचे, मांसाचे, बिअरचे कारखाने अनेक दशकं वापरत आले आहेत. हॉटेलांच्या मध्यवर्ती भटारखान्यांत ते आता रुळलं आहे. पाण्यात मिसळणारी राळ, हार्डनर आणि सिमेंट-चुना-वाळूची पूड असे तीन भाग जागेवर कालवतात आणि थापीने ओढतात. गरम झाल्यावर ते साधारण काँक्रीटच्याच हिशेबाने पसरतं, म्हणून इपॉक्सीसारखं सुटत नाही.

जाडीवर सगळा खेळ आहे. ढोबळ मानाने ४ मिलिमीटर ७० अंशांपर्यंत झेपतं, ६ मिलिमीटर ८० पर्यंत, ९ मिलिमीटर १२० पर्यंत. याचा अर्थ साधा आहे: कच्चा माल धुण्याच्या जागी ६ पुरे, बल्क कुकर, तळणी आणि पेज काढण्याची जागा इथे ९. ठेकेदार सगळीकडे ४ चं कोटेशन देऊन स्वस्त दिसतो आणि वर्षभराने रेंजसमोर चिरा पडतात.

दुसरा घोळ नावाचा. 'पीयू फ्लोअरिंग' म्हणून इपॉक्सीवर पीयूचा पातळ हात मारून देणारेही आहेत. ओळखायची खूण: पीयू काँक्रीटच्या मालात सिमेंटसारख्या पुडीच्या गोण्या असतातच, आणि जमीन मॅट असते, चकाकत नाही. गोण्या दिसल्या नाहीत तर काम थांबवावं. हिशेबही करता येतो. चौरस मीटरला दर मिलिमीटरमागे जवळपास २ किलो माल लागतो. ६ मिलिमीटरला १२ ते १३ किलो. ५० चौरस मीटरच्या भटारखान्यात सहाशे किलोच्या वर माल उतरला पाहिजे.

तयारी हाच या कामाचा जीव. जुनं काँक्रीट ग्राइंडरने खरवडून दगड दिसेपर्यंत न्यायचं. तेल मुरलेलं काँक्रीट नुसतं डिग्रीझरने धुऊन चालत नाही. जेवढं काळं झालंय तेवढं छिन्नीने काढूनच टाकायचं, कारण तेलावर कोणताही थर धरत नाही. जमिनीच्या सगळ्या कडांना, नहाणीभोवती, दाराच्या उंबऱ्याला आणि रोजचं काम जिथे थांबेल तिथे खाच मारायची: थराच्या जाडीच्या दुप्पट खोल आणि दुप्पट रुंद. ६ मिलिमीटरला १२ बाय १२. माल त्या खाचेत रुतून बसतो आणि कडा वर उठत नाही. पीयू काँक्रीट उठलेलं दिसलं की तिथे ही खाच मारलेली नव्हती, असं बेलाशक समजावं.

तोटे. एक, हे गावच्या गवंड्याचं काम नाही. उन्हाळ्यात कालवलेला माल पंधरा-वीस मिनिटांत आवळतो. हात सरावलेले नसतील तर थापीचे ओरखडे जन्मभर दिसतात. दोन, ठिगळ लपत नाही, रंग जुळत नाही. तीन, उन्हात रंग पिवळा पडतो, म्हणून क्रीम किंवा पांढरा निवडू नये. विटकरी, हिरवा, गडद राखाडी बरा. चार, खडबडीत पृष्ठभागावर पोछा चालत नाही, दोऱ्या अडकून तुटतात आणि त्याच जमिनीवर राहतात. इथे ताठ नायलॉनचा ब्रश आणि वायपर लागतो. पाच, किंमत. इपॉक्सी ग्राउटच्या लादीपेक्षाही ते महाग पडतं, आणि दोनशे चौरस फुटांच्या कामाला चांगली टोळी सहसा येतच नाही.

तरीही चालू हॉटेलाला याच्यासारखं दुसरं नाही, ते एका कारणासाठी: हे ओलसर काँक्रीटवर चालतं आणि एका दिवसात चालण्याजोगं होतं. आठवड्याच्या सुट्टीला दुसरा दिवस जोडला तर तयार केलेली एक बाजू उरकते.

शेरा: मोरी, तळणी आणि मांस-मासळी धुण्याची जागा, इथे पहिला क्रमांक. सगळ्या भटारखान्यात घालण्याइतका खर्च प्रत्येकाला सोसेल असं नाही, आणि गरजही नाही.

उतार, वाटा, नहाणी

चारांपैकी कोणतीही घाला, या तीन गोष्टी चुकल्या तर पैसे पाण्यात.

उतार १:८० धरावा, म्हणजे मीटरला १२-१३ मिलिमीटर. तीन मीटर लांबीला ३८ मिलिमीटर. १:१०० हा किमान. त्याहून कमी उतारावर खडबडीत लादीत पाणी अडतं. १:५० च्या पुढे गेलं की ट्रॉली जागेवर थांबत नाही आणि दिवसभर तिरक्या जमिनीवर उभ्या आचाऱ्याची कंबर धरते. उतार जमिनीच्या पोटात, म्हणजे खालच्या मालात द्यायचा, वरच्या थरात नाही. पैसे देण्याआधी सर्वांत लांबच्या भिंतीशी दहा लिटरची बादली उपडी करावी आणि दहा मिनिटांनी बघावं. नाणं बुडेल एवढं पाणी जिथे साचलंय तिथे खडूने गोल करून ठेकेदाराला दाखवावं.

ओघाची दिशा अनुसूचीत उलटी का सांगितली आहे ते लक्षात घ्या. थाळी लागते तिथून पाणी कच्च्या मालाकडे वाहिलं तर फार बिघडत नाही. कोंबडी धुतलेलं पाणी थाळीच्या टेबलाखालून गेलं तर बिघडतं.

भिंत आणि जमीन मिळते तो काटकोन ब्रशच्या तावडीत येत नाही. तिथे गोलाई हवी, गवंडी जिला वाटा म्हणतात: ५० मिलिमीटर त्रिज्या, भिंतीवर १०० ते १५० मिलिमीटर उंच. लादीत गोल तुकडे मिळतात, पीयूत हीच टोळी वळवून देते. कोट्यात सिमेंटचा वाटा केला तर तो सुटून येतो. त्यावर इपॉक्सी मॉर्टर चढवावं. टेबलं, फ्रीजर यांच्या खाली सहा इंच मोकळं हवं, नाहीतर वाटा असून उपयोग नाही. हात पोचत नाही तिथे ब्रशही पोचत नाही.

नहाणीची जाळी ३०४ स्टीलची, हाताने उचलता येणारी, खाली कचरा अडवणारी टोपली. स्क्रूने आवळलेली जाळी कोणीही रोज उघडत नाही, आणि खालच्या चिकट थरात ड्रेनमाशीच्या अळ्या वाढतात. लिस्टेरियासारखा जंतू याच थरात तग धरतो आणि फ्रीजच्या थंडीतही वाढतो. म्हणून नहाणीत उच्च दाबाचा जेट मारू नये: तुषार उडून टेबलापर्यंत जातात. ब्रशने घासून ओतून धुवावी, तीही सगळं अन्न झाकल्यावर, आणि नहाणीचा ब्रश दुसरीकडे कुठेही वापरू नये. क्वचित वापरातल्या नहाणीच्या ट्रॅपमधलं, म्हणजे खालच्या वळणात वास अडवायला साठलेलं, पाणी वाळून जातं आणि गटाराचा रस्ता मोकळा होतो. आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओतावं. पेजेचा निचरा साध्या पीव्हीसीत सोडू नये, रोजच्या उकळत्या पाण्याने तिचे जोड सुटतात.

रात्रीची धुलाई

तीनशे चौरस फुटांना एक बादली द्रावण पुरतं. जास्त पाणी म्हणजे जास्त स्वच्छता, हा समज काढून टाकावा. जास्त पाणी म्हणजे सांध्यात जास्त पाणी.

आधी कोरडं झाडणं आणि चिकटलेलं खरवडणं. हे टाळून थेट पाणी ओतलं की पीठाची खळ होते आणि ती नहाणीत जाऊन बसते. मग अल्कली डिग्रीझर, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात, ५० ते ६० अंशांच्या पाण्यात (इपॉक्सीवर कोमटच). पाच ते दहा मिनिटं तसंच ठेवायचं, वाळू द्यायचं नाही. घाई करणारे इथेच फसतात: रसायनाला वेळ दिला नाही तर नुसतं तेल पसरतं. मग ताठ ब्रशने सांध्यांच्या दिशेने घासणं, वायपरने नहाणीकडे ओढणं, साध्या पाण्याने एकदा खळखळून घेणं. हे शेवटचं टाळलं तर साबणाचा थर राहतो. बोअरच्या जड पाण्यात तो चिकट होतो आणि दुसऱ्या दिवशी जमीन घसरते. सकाळी पाय घसरत असतील तर लादीला दोष देण्याआधी हे तपासावं.

जंतुनाशक सर्वांत शेवटी, कारण क्लोरीन मळाशी झुंजण्यातच संपतं. ४ टक्के हायपोक्लोराइट (क्लोरीनचं द्रावण) असेल तर लिटरला ५ मिली, दहा लिटरच्या बादलीला ५० मिली. हे २०० पीपीएम (दहा लाख भागांत २०० भाग) झालं. १० टक्क्यांचं असेल तर बादलीला २० मिली. दहा मिनिटं, मग पाणी फिरवून वायपर. हायपो उन्हा-उकाड्यात ताकद हरवतं, म्हणून मोठा कॅन गच्चीवर ठेवण्यापेक्षा छोटे डबे सावलीत ठेवावेत. अ‍ॅसिडच्या डब्याशेजारी कधीच नाही: दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद भटारखान्यात तो जीवघेणा ठरतो. अ‍ॅसिड भटारखान्यात आणूच नये, म्हणजे प्रश्न मिटतो.

फिनेलबद्दल एकच: त्याचा वास पीठाला, दह्याला, लोण्याला लागतो आणि नहाणीची दुर्गंधी झाकून टाकतो. संडासात वापरा.

दुरुस्ती

सांधा गेला की त्यावर नवं सिमेंट फासणं ही सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत निरुपयोगी दुरुस्ती आहे. कागदाएवढा तो थर दोन-तीन आठवड्यांत पोपड्यांनी निघतो, आणि ते पोपडे उडून अन्नात जातात. जुना सांधा ग्राइंडरच्या पातळ डायमंड पात्याने लादीच्या जाडीच्या निदान दोन तृतीयांश खोल काढावा. व्हॅक्युमने धूळ ओढावी, डिग्रीझरने धुवावं, आणि पूर्ण वाळू द्यावं. वाळण्याला एक रात्र लागते. हॉट एअर गनने चार तासांत होतं. ओल्या सांध्यात भरलेली इपॉक्सी पांढरी पडते आणि सुटते. वेळापत्रक असं बसतं: सुट्टीच्या आदल्या रात्री सांधे काढा, सुट्टीच्या सकाळी भरा, दुसऱ्या दिवशी दुपारी स्वयंपाक सुरू करा. काम चालू असताना रेंज, चिमणीचं तोंड आणि मैद्याच्या गोण्या प्लास्टिकने झाका. ग्राइंडरची धूळ सगळीकडे जाते.

पोकळ लाद्या तीन-चारच असतील तर तेवढ्या बदला. सलग मीटरभर पोकळ वाजत असेल तर खालचा मालच सुटला आहे, आणि एकेक लादी बदलत बसण्यात अर्थ नाही. त्या वेळी मोरीपुरतं पीयू काँक्रीट आणि बाकी जुनीच लादी, असा जोड देता येतो. जोडाच्या ठिकाणी खाच मारून स्टीलची पट्टी बसवावी, नाहीतर पहिली चीर तिथेच दिसते.

नव्याने भटारखाना लावणाऱ्या मध्यम हॉटेलाला आमची निवड अशी: मोरी आणि तळणीसमोर ९ मिलिमीटर पीयू काँक्रीट, बाकी ठिकाणी आर११ ची लहान लादी इपॉक्सी सांध्यासह, कोठारात हवा तर कोटा. खर्च झेपत नसेल तर सगळीकडे लादी घाला, पण इपॉक्सी ग्राउट आणि वाटा यांवर काटकसर नको. ती करायचीच तर भिंतीच्या टाइल्सच्या डिझाइनवर करा. आणि बिल चुकतं करण्याआधी ठेकेदाराकडून त्याच बॅचची एक खोका लादी, ग्राउटचा एक न उघडलेला डबा आणि त्याच्या रंगाचा क्रमांक लिहून घ्या. दोन वर्षांनी ती छटा बाजारात मिळत नाही. डब्यावरची मुदत बघून मात्र ग्राउट बदलत राहावा लागतो.